टायमिंग चेनच्या इंजिनात हेड गॅस्केट बदलताना पुढचं कव्हर काढावंच लागतं का?

कूलंट_कमी:

इंजिन चार सिलिंडरचं, १६ व्हॉल्व्हचं, पेट्रोल, साधं पोर्ट इंजेक्शन. हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे, ब्लॉकमध्ये बिडाचे लायनर. वर दोन कॅमशाफ्ट, इनटेकच्या कॅमवर व्हीव्हीटी फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारा भाग), दोन्ही कॅमना मिळून एकच चेन.

लक्षणं अशी: कूलंट कमी होतं, बाहेर कुठेही थेंब नाही. गार इंजिन सुरू केलं की मिनिटभर मिसिंग आणि गोडसर वासाचा पांढरा धूर. एक्सपान्शन टाकीत सतत बुडबुडे येतात. टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची गॅस चाचणी केली, द्रावण पिवळं झालं. कॉम्प्रेशन पहिल्या सिलिंडरपासून क्रमाने १२.८, ८.१, ७.९ आणि १२.६ बार. ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही.

हेड आणि ब्लॉकमधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय या निदानाबद्दल फारशी शंका उरलेली नाही. प्रश्न कामाचे आहेत. पुढचं चेन कव्हर न काढता, चेन तारेने वर बांधून ठेवून हेड उचलता येतं का? हेडचे बोल्ट पुन्हा वापरले तर काय बिघडतं? आणि हेड दर वेळी फेस करायलाच (मशीनवर घासून सपाट करायलाच) हवं का, की मोजून ठरवायचं? मॅन्युअल हाताशी आहे, पण त्यात कारणं दिलेली नाहीत.

चेन_आणि_चाक:

शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकाच वेळी आणि जवळपास सारखंच पडलं असेल तर त्या दोघांमधली गॅस्केटची चिंचोळी पट्टी जळलेली असते. चारही सिलिंडर सारखेच कमी असते तर आधी टायमिंगकडे बघा म्हणालो असतो. तरीही उघडण्यापूर्वी लीकडाउन चाचणी करून घ्या. दुसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या मृत बिंदूवर आणून हवा भरा. तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून फुसफुस आली तर गॅस्केट, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. हेड खाली उतरवल्यावर हा फरक ओळखायला फार उशीर झालेला असतो. सगळे प्लग काढून शेजारी मांडा. कूलंट जाळणाऱ्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा विचित्र स्वच्छ दिसतो, कारण वाफ कार्बन धुऊन काढते.

आता कव्हर. बेल्टच्या इंजिनात बेल्ट कोरडा, बाहेर असतो. हेड हा स्वतंत्र भाग असतो. चेन ऑइलमध्ये चालते, म्हणून तिच्यावरचं कव्हर ऑइल अडवणारी भिंत असते, आणि ही भिंत ब्लॉक, हेड आणि ऑइल सम्प (खालचं ऑइलचं भांडं) या तिघांना एकदम जोडलेली असते. हेड हललं की हा जोड फाटतोच. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. कव्हरचे बोल्ट हेडमध्ये जातात का? चेनचे गाइड (तिला वाटेत धरणाऱ्या पट्ट्या) हेडला अडकवलेले आहेत का? आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बाहेरून, कव्हरच्या बाजूच्या छोट्या झाकणातून निघतो का?

काही इंजिनांत चेनची विहीर हेडमध्येच ओतलेली असते, चारही बाजूंनी बंद. तिथे टेन्शनर बाहेरून काढायचा, गाइडची वरची पिन हेडच्या बाजूच्या भोकातून काढायची, कॅमचे स्प्रॉकेट (दातेरी चाकं) सोडायचे, चेन तारेने धरून ठेवायची आणि हेड सरळ वर उचलायचं. अशा रचनेत कव्हर न काढता काम होतं, आणि तुमचं मॅन्युअलही तीच पद्धत सांगत असेल. पण हेडचं पुढचं तोंड उघडं आणि पूर्ण उंचीचं कव्हर सिलिकॉन सीलंटने चिकटवलेलं असेल, तर कव्हर काढा. न काढता केलं तर हेड उचलताना कोपऱ्यातलं जुनं सीलंट अर्धवट ओरबाडलं जातं, नवं गॅस्केट कव्हरच्या मागे सरकवावं लागतं आणि जिथे तीन भाग मिळतात त्या कोपऱ्यात नवं सीलंट नीट लावायला जागाच मिळत नाही. दोन महिन्यांत तिथून ऑइल झिरपतं आणि मग तेच कव्हर काढायला पूर्ण पुढची बाजू पुन्हा उघडावी लागते. शिवाय ब्लॉकचा पृष्ठभाग खरवडताना निघालेला कचरा थेट चेनच्या विहिरीतून सम्पमध्ये जातो.

चेनच्या दोन्ही बाजूंमध्ये वरून पाचर ठोकून टेन्शनर दाबून धरण्याची युक्ती तुम्ही ऐकली असेल. फेझर किंवा कॅम बदलण्यापुरती ती चालते. हेड काढायचं असेल तर गाइड आणि पाचर दोन्ही हेडच्या वाटेत येतात.

कव्हर काढायचं म्हणजे त्या बाजूचं इंजिन माउंटिंग निघणार. इंजिनाला खालून जॅक आणि लाकडी ठोकळा, किंवा वरून आडवा बार लावून आधार द्या. ठोकळा सम्पच्या कडेला लावा, पत्र्याच्या मध्यावर नको. पत्रा आत गेला की ऑइल पंपाची जाळी दबते. बऱ्याच इंजिनांत कव्हरची खालची कड सम्पवर बसते, त्यामुळे सम्प उतरवणं हाच प्रामाणिक मार्ग.

क्रमात तीन जागी नुकसान होतं, त्या सांगतो.

इंजिन फिरवायचं ते क्रँकच्या बोल्टवरून आणि चालण्याच्या दिशेनेच. उलट फिरवलं की टेन्शनरकडची सैल बाजू ताणली जाते, ताणाची बाजू ढिली पडते आणि चेन दात सोडू शकते. खूण चुकून पुढे गेली तर मागे घेऊ नका, पूर्ण दोन फेरे पुढे फिरवा.

टेन्शनर आधी, स्प्रॉकेट नंतर. टेन्शनरच्या दट्ट्याला मागे न जाऊ देणारी खाच असते. तो जागेवर असताना स्प्रॉकेट काढला तर दट्ट्या पूर्ण बाहेर येतो आणि पुढे चेन परत चढतच नाही. दट्ट्या आत दाबून खाचेच्या भोकात पिन घालून ठेवा.

क्रँक पुलीचा बोल्ट सोडण्यापूर्वी मॅन्युअलमध्ये बघा, क्रँकच्या स्प्रॉकेटला चावी (त्याला शाफ्टवर अडकवणारी खुंटी) आहे का. आजच्या अनेक इंजिनांत चावी नसते. स्प्रॉकेट फक्त बोल्टच्या दाबावर आणि घर्षणाच्या वॉशरवर धरलेला असतो. तो बोल्ट सुटला की टायमिंग गेलं, खुणा कितीही जुळलेल्या असोत. अशा इंजिनाला क्रँक आणि कॅम अडकवणाऱ्या लॉकिंग टूल्सशिवाय हात लावू नका. आणि ही टूल्स जागा धरायला असतात, बोल्ट सोडताना जोर घ्यायला नव्हे. फेझरचा बोल्ट सोडताना कॅमशाफ्टवर दिलेल्या षटकोनाला पाना लावून कॅम धरा.

खुणांबद्दल एक गोष्ट. काढण्यापूर्वी चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर दिसल्या नाहीत तर घाबरू नका. कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दात आणि चेनला १२४ कड्या असतील तर त्या कड्या पुन्हा खुणांवर यायला क्रँकचे ६२ फेरे लागतात. स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या की झालं; स्वतःच्या रंगाने नव्या खुणा करून घ्या. रंगीत कड्या जुळवायच्या त्या फक्त जोडताना.

सरळपट्टी:

हेड काढण्यापासून पुढचं मी सांगतो.

इंजिन पूर्ण गार असू द्या, रात्रभर उभं असलेलं उत्तम. गरम हेडचे बोल्ट सोडले की ॲल्युमिनियम वाकतं. सोडताना बाहेरून आत, गोलाकार क्रमाने, एका वेळी पाव ते अर्धा फेरा. एक बोल्ट पूर्ण सोडून दुसऱ्याकडे जायचं नाही.

त्याआधी कॅमच्या टोप्या. त्या हेडबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, म्हणून प्रत्येक टोपी आपल्याच जागी आणि आपल्याच दिशेने परत गेली पाहिजे. टोप्यांवर आकडे आणि बाण असतात; नसतील तर स्वतः खूण करा. बोल्ट थोडे थोडे सोडा, नाहीतर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला एका टोकाने उचलतात आणि टोपी तडकते. बकेट टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या वाट्या) असतील तर १६ खणांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. बकेटची जाडीच क्लिअरन्स, म्हणजे कॅमपासूनची फट, ठरवते. दोन बकेट अदलाबदल झाले की दोन व्हॉल्व्हचं क्लिअरन्स चुकतं.

हेड चिकटलं असेल तर सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालू नका. ओतीव कान असतात, तिथे लाकडाचा दांडा लावून डोलवा. उतरवलेलं हेड तोंड खाली करून टेबलावर ठेवायचं नाही. कॅम अजून बसलेले असतील तर काही व्हॉल्व्ह बाहेर डोकावत असतात, ते वाकतात. दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा.

साफसफाई हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि इंजिनं इथेच मरतात. ड्रिलला लावायच्या खरखरीत फायबर चकत्या अजिबात वापरू नका. त्यांतून निघणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ऑइलच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते. दुसरं म्हणजे चकती मऊ ॲल्युमिनियममध्ये खळगे पाडते. हाताला ते लागत नाहीत, गॅस्केटला लागतात. गॅस्केट काढायचं रसायन लावा, भिजू द्या, प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. सिलिंडर, कूलंटच्या वाटा आणि ऑइलची भोकं चिंध्यांनी बंद ठेवा, आणि किती चिंध्या घातल्या ते मोजून ठेवा.

बोल्टची भोकं. बहुतेक भोकं खालून बंद असतात. त्यात ऑइल किंवा कूलंट साचलं असेल आणि तुम्ही बोल्ट आवळला, तर द्रव दबत नाही. टॉर्क पाना क्लिक होतो पण हेड दाबलेलं नसतं, आणि वाईटात वाईट म्हणजे ब्लॉकला तडा जातो. चष्मा लावून, चिंधी आडवी धरून प्रत्येक भोक हवेने फुंका. आटे साफ करायला कापणारा टॅप नको, तो धातू काढतो. आटे सरळ करणारा टॅप, किंवा जुन्या बोल्टला करवतीने उभ्या खाचा पाडून तो हाताने फिरवा.

मग मोजमाप. अचूक सरळपट्टी आणि फीलर गेज. लांबीच्या दोन्ही कडा, दोन कर्ण, आणि सिलिंडरांच्या मधल्या पट्ट्यांवरून आडवं. हेड आणि ब्लॉक दोन्ही. चार सिलिंडरच्या ॲल्युमिनियम हेडला ०.०५ मिमी ही अनेक कंपन्यांची मर्यादा आहे, पण तुमच्या मॅन्युअलचाच आकडा धरा. तुमचा प्रश्न होता की दर वेळी फेस करायचं का. नाही. पण फक्त सपाटी बघूनही भागत नाही. स्टीलच्या अनेक थरांच्या एमएलएस गॅस्केटला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, आरए (खडबडीतपणाचं माप) ०.८ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी. जुनी कॉम्पोझिट गॅस्केटं १.५ ते २.५ मायक्रॉनवरही बसायची, कारण त्यांचा मऊ थर ओरखडे भरून काढायचा. सिलिंडरच्या कड्याला ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा जुन्या गॅस्केटच्या कडीची नखाला अडकणारी खाच असेल, तर सपाट हेडही फेस करावं लागतं.

फेस करण्याआधी प्रेशर टेस्ट. कूलंटच्या वाटा पट्ट्यांनी बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून आत हवा भरतात. भेग बहुधा दोन व्हॉल्व्हच्या सीटमध्ये किंवा सीटपासून प्लगच्या भोकापर्यंत जाते, आणि गार असताना ती मिटलेली असते, म्हणून पाणी गरमच हवं.

न्यूटन_मीटर:

बोल्टचं कारण विचारलंत, तर आधी टॉर्क म्हणजे काय मोजतो ते बघा. पान्याने लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, निम्म्याच्या आसपास डोक्याखाली आणि बाकी आट्यांत. बोल्ट ताणायला उरतात दहाएक टक्के. म्हणजे घर्षणात थोडाही फरक पडला, एका बोल्टला ऑइल आणि दुसरा कोरडा, की दोन्हींचा टॉर्क सारखा दिसूनही दाब खूप वेगळा. म्हणून आधी थोडा टॉर्क देऊन सगळे बोल्ट एका पातळीवर आणतात आणि पुढचा ताण अंशांत देतात. १.५ मिमी पिचचा बोल्ट ९० अंश फिरवला की ०.३७५ मिमी पुढे सरकतो, घर्षण काहीही असो.

अंशांत आवळायचे बोल्ट बहुतेक वेळा त्यांच्या लवचीक मर्यादेच्या पुढे, कायम लांबण्याच्या टप्प्यात नेलेले असतात. तिथे ताण जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून दहाही बोल्टांचा दाब सारखा मिळतो. तोच बोल्ट परत वापरला की तो आधीच लांबलेला असतो. काही आवळतानाच तुटतात, तेही ब्लॉकच्या आत. काही तुटत नाहीत, पण मान बारीक झाल्यामुळे दाब कमी पडतो आणि गॅस्केट त्याच जागी पुन्हा जातं. काही मॅन्युअलमध्ये बोल्टची लांबी किंवा मानेचा व्यास मोजून परत वापरायची परवानगी असते. तुमच्यात ती लिहिलेली नसेल तर नवा संच. मोजमापात बसलेला जुना बोल्ट आणि नवा बोल्ट एकाच हेडमध्ये मिसळू नका.

आट्यांना आणि डोक्याखालच्या वॉशरला इंजिन ऑइलचा पातळ हात. ओथंबेल इतकं नको, ते भोकाच्या तळाशी साचतं. एखादा बोल्ट कूलंटच्या वाटेत उघडत असेल तर त्याला आट्यांचं सीलंट लागतं; मॅन्युअल तो बोल्ट वेगळा दाखवतं. क्रम मधून बाहेर. समजा तुमच्या इंजिनाचा आकडा ३० न्यूटन मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश असा असेल, तर आधी दहाही बोल्ट ३० वर, मग दहाही पहिल्या ९० वर, मग दुसऱ्या. अंश मोजताना झटका न देता एकाच ओघात फिरवा. मध्ये थांबलात तर पुन्हा सुरू करताना बोल्ट चिकटून पिळतो. अंदाजाने अंश धरू नका, गेज लावा, आणि प्रत्येक फेरीनंतर बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या.

गॅस्केट कोरडंच बसवायचं. तांब्याचा स्प्रे, ग्रीस, सिलिकॉन काहीही नको; एमएलएसवर कारखान्यातूनच रबराचा पातळ लेप येतो. अपवाद फक्त ब्लॉक आणि चेन कव्हर मिळतात त्या सांध्यांवर मॅन्युअलने सांगितलेले सीलंटचे ठिपके.

कूलंट_कमी:

सगळ्यांचे आभार. कव्हर काढलं, सम्पही उतरवला. क्रँकच्या स्प्रॉकेटला चावी आहे. हेड खाली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली पट्टी आरपार जळलेली आहे आणि तिथून कूलंटच्या भोकापर्यंत काळा माग गेलेला आहे.

मोजमाप: हेडला लांबीच्या दिशेने मधोमध ०.०८ मिमी फट, टोकं टेकतात. मर्यादा ०.०५. ब्लॉकला जास्तीत जास्त ०.०३. प्रेशर टेस्टमध्ये भेग निघाली नाही. मॅन्युअल फेस करायला ०.१० मिमीपर्यंत परवानगी देतं. फेस केल्यावर हेड खाली येणार, मग चेनचं टायमिंग सरकणार का? जाड गॅस्केट शोधावं का? आणि हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात ना?

सरळपट्टी:

आधी कॅम फिरतात का ते बघा, मग फेस करा. हा क्रम उलटा करू नका.

इंजिन तापतं तेव्हा हेडचा मधला भाग सर्वांत गरम होतो. त्याला पसरायचं असतं आणि बोल्ट त्याला धरून ठेवतात, म्हणून ते मध्ये वर उचललं जाऊन तसंच राहतं. याचा अर्थ फक्त खालचा पृष्ठभाग वाकलेला नाही, वरची कॅमची बोअरही त्याच कमानीत वाकलेली आहेत. तुम्ही खालून ०.०८ मिमी उडवलंत तर तळ सपाट झाला, पण कॅमची बोअर वाकडीच राहिली. पूर्वी सपाट ब्लॉकवर आवळताना हेड थोडं सरळ ओढलं जायचं, ती शक्यताही आता गेली. मग कॅम मधल्या टोप्यांमध्ये घासतो, टोप्या तापतात, आणि फार वाकडं असेल तर कॅमच तुटतो.

चाचणी सोपी आहे. बकेट काढून ठेवा, कॅम आणि टोप्या बसवा, टोप्या पूर्ण टॉर्कवर आवळा, जर्नलला थोडं ऑइल. कॅम दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, कुठल्याही कोनात अडखळता कामा नये. अडखळला तर हेड आधी सरळ करून घ्यावं लागतं: जाड लोखंडी पाटावर, टोकांखाली पातळ शिम देऊन, मध्ये आवळून भट्टीत तापवतात आणि हळूहळू गार होऊ देतात. ०.०८ ला बहुतेक वेळा कॅम मोकळे फिरतात. पण बघितल्याशिवाय मशीनवर चढवू नका.

मशीनवाल्याला ०.१० मिमी ही वरची मर्यादा आहे हे लिहून द्या आणि सपाट होईल तेवढंच काढायला सांगा. परत आल्यावर हेडची उंची चार कोपऱ्यांवर मोजा; तिरकं फेस झालेलं हेडही सपाटच दिसतं. हेड उघडंच आहे तर व्हॉल्व्ह स्टेम सील बदलून घ्या. चेंबरमध्ये रॉकेल ओतून काही मिनिटं ठेवा, पोर्टमध्ये ओल आली तर तो व्हॉल्व्ह सीटवर बसत नाही.

चेन_आणि_चाक:

टायमिंग सरकतं, पण किती ते बघा. हेड खाली आलं की क्रँक आणि कॅम यांच्यातलं अंतर कमी होतं. चेनची ताणाची बाजू तेवढी ढिली पडते आणि कॅम किंचित मागे राहतो. सैल बाजूची ढिलाई टेन्शनर खाऊन टाकतो. ३६ दात आणि ८ मिमी पिच असलेल्या स्प्रॉकेटची त्रिज्या साधारण ४६ मिमी. ०.१० मिमी कमी झालं तर कॅम सुमारे पाव अंशाच्या निम्मा, म्हणजे क्रँकच्या मापात पाव अंश मागे. चेनचा एक दात चुकला तर क्रँकचे २० अंश जातात. कॉम्प्रेशनचंही तसंच: ७५ मिमी बोअरला ०.१० मिमी म्हणजे जास्तीत जास्त ०.४४ घन सेंटिमीटर. १०.५ चा रेशो फार तर १०.६ होईल. जाड गॅस्केट इथे लागत नाही.

ज्याकडे कोणी बघत नाही ती जागा वेगळी आहे. चेन कव्हर ब्लॉकवर पूर्वीच्याच उंचीला बसणार आणि हेड ०.१० मिमी खाली गेलेलं असणार. म्हणजे वर, जिथे व्हॉल्व्ह कव्हरचं रबर हेडवरून चेन कव्हरवर जातं, तिथे तेवढी पायरी तयार होते. त्या दोन सांध्यांवर सीलंटचा छोटा थर द्या, नाहीतर तिथून ऑइल एक्झॉस्टवर टपकेल. कव्हरच्या बोल्टच्या भोकांत थोडी मोकळीक असते, पण नेमणाऱ्या पिना असतील तर जोर करू नका.

कव्हर उघडलंच आहे तर चेन, गाइड आणि टेन्शनर बघा. टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर होता? गाइडच्या प्लास्टिकवर खोल चरे किंवा तडे आहेत का? स्कॅनरमध्ये कधी पी००१६ किंवा पी००१७ (क्रँक आणि कॅमची जागा जुळत नसल्याचा कोड) आला असेल तर चेन लांबली असण्याची दाट शक्यता. अर्धवट संच बदलू नका. नवी चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर लवकर झिजते.

जोडताना: पिस्टन अर्ध्या उंचीवर ठेवून हेड बसवायला मॅन्युअल सांगत असेल तर तसंच करा, म्हणजे उघडा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार नाही. चेन आधी ताणाच्या बाजूने सरळ चढवा, सगळी ढिलाई टेन्शनरकडे राहू द्या. फेझर त्याच्या अडकलेल्या मूळ स्थितीत आहे याची खात्री करा. तो हाताने हलत असेल तर खूण जुळूनही टायमिंग चुकेल. टेन्शनर आवळून मगच पिन काढा. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे. कुठेही घट्ट अडलं तर तिथेच थांबा, जोर लावला की व्हॉल्व्ह वाकतो. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या पाहिजेत.

कव्हरला सीलंट ३ मिमीच्या आसपासच्या सलग धारेत, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे. धार लावल्यावर ट्यूबवर लिहिलेल्या वेळेत कव्हर बसलं पाहिजे. जाड धार म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही: आत पिळून आलेलं सीलंट सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. चेनचा टेन्शनर आणि फेझर दोघेही त्याच ऑइलच्या दाबावर चालतात.

न्यूटन_मीटर:

हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळणं हे कॉम्पोझिट गॅस्केटच्या काळातलं. ती गॅस्केटं तापून दबायची, म्हणून बोल्ट ढिले पडायचे. एमएलएस दबत नाही, आणि तुमचे बोल्ट आधीच कायम लांबण्याच्या टप्प्यात आहेत. पुन्हा आवळणं म्हणजे त्यांना तुटण्याकडे ढकलणं. हात लावू नका.

गार_इंजिन:

गॅस्केट का जळलं हे अजून कोणी विचारलेलं नाही. ते सापडलं नाही तर हेच काम पुन्हा होईल. थर्मोस्टॅट नवा घाला. रेडिएटरचा पंखा ठरलेल्या तापमानाला लागतो का, पंपाच्या शाफ्टला खेळ किंवा गळतीच्या भोकाशी वाळलेल्या कूलंटचा पांढरा-गुलाबी थर आहे का, रेडिएटरच्या काही भागांत गार पट्टे राहतात का, टाकीचं झाकण दाब धरतं का. झाकणाने दाब धरला नाही तर कूलंट कमी तापमानाला उकळतं, आणि उकळायला लागतं ते नेमकं सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर.

सुरू करण्याआधी गार सिस्टिमला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढा दाब द्या, बहुधा १.१ ते १.४ बार, आणि पंधरा मिनिटं सुई बघा. सुई उतरली तर ऑइल भरून इंजिन चालवण्यात अर्थ नाही.

नवं ऑइल आणि फिल्टर. जुनं ऑइल स्वच्छ दिसत असलं तरी हेड उचलताना थोडं कूलंट खाली गेलेलंच असतं. मग प्लग न लावता, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, थांबून थांबून स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. यामुळे टेन्शनर भरतो आणि फेझरच्या वाटांतली हवा निघते. नंतर पहिल्यांदा सुरू केल्यावर चेनचा एक-दोन सेकंद खडखडाट ठीक. त्याहून जास्त टिकला तर लगेच बंद करा. टेन्शनरची पिन आतच राहिली असेल, किंवा ऑइल तिथे पोचत नसेल.

कूलंट सांद्र आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं, हीटर पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून हळूहळू भरा. नसेल तर गाडीचा पुढचा भाग उंच करा, म्हणजे हवा भरण्याच्या तोंडाकडे येईल. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा. वरचा होज गरम आणि हीटरची हवा गार असेल तर आत हवेचा फुगा अडकलेला आहे. तापमान सेन्सर त्या फुग्यात असला तर काटा खोटं सांगतो आणि हेड तापत राहतं.

पूर्ण गार झाल्यावर पातळी बघा. पहिल्या दोन-तीन गार-गरम फेऱ्यांत ती थोडी उतरते, अडकलेली हवा बाहेर पडते म्हणून. त्यानंतर स्थिर राहिली पाहिजे. ५०० किलोमीटरच्या आसपास ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला. गॅस चाचणीचं निळं द्रावण त्याच वेळी टाकीवर परत लावा. एक्झॉस्टमधून सुरुवातीला थोडी वाफ येईल, कॅटॅलिस्टमध्ये साचलेलं पाणी उडत असतं. ती अर्ध्या तासाच्या गरम प्रवासानंतरही थांबली नाही आणि द्रावण पिवळं पडलं, तर लीकडाउन चाचणी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरपासून सुरू करा. तिथे काही सापडलं नाही तर ब्लॉकच्या लायनरची वरची कड तपासा.